जास्वंद हिरवीगार, पण फूल नाही? या चुका टाळा

गणपती तोंडावर आले की बेळगाव भागात घरोघरी हीच तक्रार असते. दारातली जास्वंद पानांनी भरलेली, आणि देवाला मात्र फुलं बाजारातून आणायची. यात दोष बहुधा छाटणीच्या वेळेचा असतो. जास्वंदीला फूल नव्या फुटव्यावरच येतं. श्रावणात झाड माजलंय म्हणून फांद्या छाटल्या, तर कोवळे शेंडे गेले आणि चतुर्थीची फुलंही गेली. छाटणी वळीव पडून गेल्यावर, मृग लागायच्या आत उरका. एकतृतीयांशाहून जास्त कापू नका.

दुसरी चूक मातीची, आणि ती जास्त महाग पडते. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या मातीतून पाणी लगेच निथळतं, पावसात खतही वाहून जातं. तिथे शेणखत एकदम ढीगभर घालण्यापेक्षा थोडं थोडं, वरचेवर द्यावं. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून झाड उंचवट्यावर लावा आणि खड्ड्यात मुरूम, शेणखत मिसळा. याच काळ्या, चुनखडीच्या मातीत नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. लोक तहान समजून आणखी पाणी घालतात, मुळं गुदमरतात आणि पानं अधिकच पिवळी होतात. अशा वेळी चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी करा. चुलीतली राख मात्र या मातीत घालू नका, ती अल्कधर्मी असते.

पाणी घालण्याआधी दोन इंच खोल बोट घालून बघा. ओल लागली तर थांबा. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. उन्हाळ्यात एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की कळ्या गळतात.

युरियाने नुसती पानं वाढतात. डीएपी खताचा माराही नको, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की मुळांना लोह-जस्त नीट घेता येत नाही. आणि झाडाला निदान पाच-सहा तास ऊन हवंच. भिंतीच्या सावलीतल्या झाडाला कितीही खत घाला, फूल कमीच येणार.

शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड. मुंग्यांची रांग दिसली तर तेव्हाच शोधा, कारण त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला जपतात. खराब शेंडे कापून जाळा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

नर्सरीतल्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती दिसतात सुरेख, पण नाजूक असतात. रोज देवाला फूल हवं असेल तर शेजारच्यांकडून लाल देशी जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागून आणा. खालची पानं काढून जुलैत सावलीत लावा, नवी पालवी चांगली वाढली की उन्हात हलवा.