छोट्या रेल्वेसाठी घरं बांधताय? या चुका टाळा

नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरो गेज (अरुंद रुळांच्या रेल्वेचं) संग्रहालय पाहून आलं की इतवारी-नागभीडची ती छोटी गाडी आपल्याही टेबलावर धावावी असं वाटतं. बाजारात ९ मिमीचा रूळ मिळतो. तो 'एन' स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या १६०व्या हिश्शाच्या गाड्यांचा, म्हणून आपण घरंही १:१६० नं कापतो, आणि सगळ्यात महागडी चूक हीच. खऱ्या नॅरो गेजच्या दोन रुळांत ७६२ मिमी अंतर. त्याला 'एचओ' या मोठ्या स्केलच्या (१:८७) ८७ नं भागा, ८.७६ येतात. म्हणजे तोच रूळ एचओ स्केलच्या नॅरो गेज गाडीलाही चालतो! गाडी एचओची आणि घरं एनची झाली, तर इंजिन कवेलूंच्या वर डोकं काढतं. म्हणून स्केल रुळावरून नव्हे, गाडीवरून ठरवा. सात फुटी दार १:८७ मध्ये २४.५ मिमी भरतं, १:१६० मध्ये जेमतेम १३. आधी पुठ्ठ्याचं एवढं एक दार कापून डब्याच्या दाराशेजारी उभं करून पाहा. नकाशा छापून घेत असाल तर प्रिंटरमधलं 'फिट टू पेज' बंद करा, नाहीतर सगळी मापं गुपचूप आखडतात.

भिंती वाकणं हे आपल्याकडचं खास दुखणं. बाहेर ४५ अंश, आत दिवसभर कूलर. पुठ्ठा ती ओल पितो आणि रात्री सुकतो. त्यात एकाच बाजूला रंग दिलेला असला की भिंत रंगाच्या बाजूला ओढली जाते. दोन्ही बाजूंना सारखाच हात द्या, आतून कोपऱ्यांत आणि मधोमध पट्ट्या चिकटवा. वाकलेली भिंत फेकू नका. मागूनही रंग द्या, थोडी सुकली की प्लास्टिकच्या कागदात धरून जड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवा. माझ्या बहुतेक भिंती अशाच सरळ झाल्या आहेत.

खिडक्यांची पारदर्शक फिल्म झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावू नका, तिच्यावर पांढरी वाफ धरते. तिथे फेविकॉलच बरा. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, तो वितळतो. आत दिवा लावणार असाल तर भिंती आतून काळ्या करा, नाहीतर अख्खं घर कंदिलासारखं उजळतं. १२ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला १००० ओहमचा रेझिस्टर पुरतो.

आणि घर चिकटवण्याआधी सगळ्यात लांब डबा वळणावरून हातानं फिरवा. त्याची टोकं वळणाबाहेर झुकतात, मधला भाग आत घुसतो. ओसरीची पायरी नेमकी तिथेच येते.