सरकारी हॉस्पिटलचं कंत्राट काढताय? या चुका टाळा

सरकारी हॉस्पिटलचं काम रखडलं की सगळे आधी ठेकेदाराला शिव्या घालतात, आणि कधीकधी त्या बरोबरही असतात, पण बऱ्याच वेळा घोळ ठेकेदार साइटवर यायच्या आधीच झालेला असतो. म्हणजे काम कुठल्या पद्धतीने द्यायचं हे ठरवताना. आणि ते ठरतं कसं, तर "मागच्या वेळी असंच दिलं होतं" किंवा "वरून टर्नकीच करा म्हणून आलंय". संपलं.

पद्धती तशा मोजक्याच. पूर्ण डिझाइन करून मग टेंडर काढायचं ही जुनी पद्धत. डिझाइन आणि बांधकाम एकाच पार्टीला द्यायचं म्हणजे टर्नकी. डिझाइन चालू असतानाच बिल्डरला टेबलावर बसवायचं ही तिसरी. पैसे, बांधकाम आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं मेंटेनन्स असं सगळं खाजगी कंपनीकडे देऊन दर महिन्याला हप्ता भरायचा म्हणजे पीपीपी. शिवाय अलायन्स, त्यात मालक, आर्किटेक्ट, ठेकेदार सगळे नफातोटा वाटून घेतात. यातली कुठलीच मुळात वाईट नाही, फक्त प्रत्येकीची एक अट असते आणि ती मोडून पद्धत वापरली की बोंब होते.

अर्धवट ड्रॉइंगवर टेंडर

जुन्या पद्धतीची अट एकच, टेंडर निघेल त्या दिवशी डिझाइन पूर्ण पाहिजे. ऑफिसची बिल्डिंग असेल तर थोडंफार कच्चं चालून जातं, हॉस्पिटलला नाही चालत, कारण इथे खरा खर्च आणि खरी डोकेदुखी फॉल्स सीलिंगच्या वर लपलेली असते. एसीचे डक्ट, ऑक्सिजनच्या लाइन, पाणी, ड्रेनेज, दोन-दोन ठिकाणहून येणारी वीज, नर्स कॉलच्या वायरी, आणि या सगळ्यांना एकाच दीड फुटात मावायचं असतं. ड्रॉइंगमध्ये ते जुळवलं नसेल तर साइटवर जुळवावं लागतं, आणि साइटवर जुळवलं की प्रत्येक वेळी एक्स्ट्रा बिल.

हे आधी ओळखायची खूण सांगतो. प्री-बिड मीटिंगमध्ये, म्हणजे टेंडर भरायच्या आधी ठेकेदारांसोबत होते त्या बैठकीत, प्रश्नांचा पाऊस पडतो आणि निम्म्या प्रश्नांना तुमचं उत्तर "साइटवर ठरवू" असं असतं. तसं झालं तर लाज न बाळगता तारीख पुढे ढकला, दोन-तीन महिने गेले तर जाऊ द्या.

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या राष्ट्रीय बालरुग्णालयाचं काय झालं बघा. वेळ वाचावा म्हणून दोन टप्प्यांत कंत्राट दिलं, प्राथमिक डिझाइनवर टेंडर झालं, जमिनीखालचं काम सुरू झालं, आणि वरच्या इमारतीचा रेट सविस्तर डिझाइन झाल्यावर पक्का करायचा असं ठरलं. 2017 मध्ये मंजुरी होती 98.3 कोटी युरोची, 2018 संपता संपता आकडा 143.3 कोटींवर गेला, आणि 2024 मध्ये 224 कोटींची मंजुरी द्यावी लागली. दोन टप्प्यांची पद्धत चुकीची नाहीये, पण खड्डा खणून झाल्यावर रेट ठरवायला बसलात तर घासाघीस कशाच्या जोरावर करणार? ठेकेदाराला माहीत असतं की आता तुम्ही कुठे जाणार. म्हणून दुसऱ्या टप्प्याचा रेट जुळला नाही तर बाहेर पडायची वाट कागदावर तर पाहिजेच, पण ती खरंच वापरता येईल अशीही पाहिजे.

बिल्डरला लवकर आणायची पद्धत, पण उशिरा

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे माजी सैनिकांच्या खात्याने हॉस्पिटल बांधायला घेतलं, पद्धत अशी घेतली की बिल्डर डिझाइनच्या काळापासूनच सोबत असेल आणि हे परवडेल, हे परवडणार नाही असं सांगत राहील. पण त्याला आणलं तेव्हा डिझाइन बरंच पुढे गेलं होतं. 58.28 कोटी डॉलरमध्ये बांधता येईल असं डिझाइन देऊ असं खात्याने लिहून दिलं होतं आणि ते काही दिलं नाही, शेवटी डिसेंबर 2014 मध्ये कंत्राटाच्या वादांसाठी असलेल्या मंडळाने ठरवलं की करार मालकानेच मोडलाय. एकूण खर्च गेला सुमारे 170 कोटींवर आणि रुग्णांसाठी हॉस्पिटल उघडलं 2018 मध्ये. ही पद्धत वापरायची तर बिल्डर नुसत्या लेआउटच्या वेळी हवा. भिंती ठरून गेल्या असतील तर सरळ जुन्या पद्धतीने जा, उगाच मॉडर्न दिसायला नको.

"आता सगळं त्यांच्याकडे, आपण मोकळे"

टर्नकी असो की पीपीपी, डिझाइन समोरच्याच्या गळ्यात घातलं की मालक निवांत होतो. पण समोरचा बांधणार काय, तर तुम्ही जे लिहून दिलंय ते. एडिनबर्गच्या नवीन मुलांच्या हॉस्पिटलची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. पीपीपीचाच स्कॉटिश प्रकार होता, बिल्डिंग ताब्यात आलेली, फेब्रुवारी 2019 पासून महिन्याला सुमारे 14 लाख पाउंड भरणं चालू, पेशंट हलवायला थोडेच दिवस उरले होते आणि जुलै 2019 मध्ये लक्षात आलं की अतिदक्षता विभागातल्या खोल्यांत तासाला 10 वेळा हवा बदलायला हवी तिथे सिस्टीम 4 वेळाच बदलतेय. चूक शोधत गेले तर ती निघाली टेंडरच्या काळातल्या एका तक्त्यात, कुठल्या खोलीला किती हवा आणि किती तापमान याची ती मोठ्ठी यादी असते ना, त्यात. हॉस्पिटल पूर्ण सुरू झालं मार्च 2021 ला.

तो तक्ता म्हणजे नुसती एक्सेल शीट, मीटिंगमध्ये ती कोणी उघडतच नाही, मी पण कित्येक वेळा न वाचता पुढे ढकललीये. उपाय कंटाळवाणा आहे पण करा: इन्फेक्शन कंट्रोलचे डॉक्टर आणि आयसीयूच्या सिस्टर यांच्यासोबत बसून एकेक ओळ वाचून घ्यायची, टेंडरच्या आधी, आणि प्रत्येक बदलावर कोणाची सही ते ठरवायचं.

पीपीपीचं अजून एक. जोखीम त्यांच्याकडे गेली असं आपण म्हणतो, पण हॉस्पिटल काही बंद ठेवता येत नाही, त्यामुळे कंपनी बुडली की जोखीम फिरून आपल्याच दारात. 15 जानेवारी 2018 ला ब्रिटनमध्ये कॅरिलियन ही मोठी बांधकाम कंपनी बुडाली तेव्हा लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमजवळचं मिडलँड अशी दोन मोठी हॉस्पिटलं अर्धवट होती. मार्च 2017 ला तयार व्हायचं लिव्हरपूलचं हॉस्पिटल उघडलं ऑक्टोबर 2022 ला, मिडलँडचं ऑक्टोबर 2024 ला, आणि लिव्हरपूलच्या स्ट्रक्चरमध्येच दोष निघाले ते वेगळंच. तेव्हा नुसता कमी हप्ता बघू नका, कंपनीच्या हातात आधीच किती कामं आहेत आणि ती बुडाली तर साइट आपल्याकडे किती दिवसांत येईल ते पण बघा. मधल्या काळात आपला स्वतःचा इंजिनिअर साइटवर ठेवा, त्यांचा नाही.

मशिनरी वेगळी, बिल्डिंग वेगळी

यावर थोडक्यातच. एमआरआय, सीटी, कॅथलॅब (अँजिओग्राफीची मशीन) यांची खरेदी वेगळं खातं करतं, मॉडेल शेवटी ठरतं, आणि मग वजन, वीज, आत न्यायची वाट सगळं बदलतं. तयार भिंत पाडून मशीन आत घेतलेलं बघितलंय मी. पद्धत कुठलीही घ्या, मॉडेल कधी गोठवायचं ती तारीख कंत्राटात टाका आणि त्या खोल्यांचं काम मुद्दाम शेवटी ठेवा.

आणि आधीच फसलाय तर?

मधेच पद्धत बदलू नका, नवीन ठेकेदार जुन्याच्या कामाची गॅरंटी घेत नाही आणि घेतलीच तर त्याचे वेगळे पैसे लावतो. आधी पेंडिंग एक्स्ट्रा बिलांची एक यादी करा, त्यातली डिझाइनच्या चुकीने आलेली किती आणि डॉक्टरांनी मागितलेल्या बदलांनी आलेली किती ते वेगळं काढा. पहिली जास्त असतील तर आर्किटेक्टला साइटवरच बसवा, दुसरी असतील तर बदल मागायची खिडकी बंद करा, कोणी कितीही मोठा सर्जन असो. वाद लवादाकडे जायच्या आधी दोघांना मान्य असा एक तटस्थ इंजिनिअर नेमता आला तर नेमा. आणि ताबा घेताना "पार्ट ताबा घ्या, बाकी करून देतो" याला हो म्हणू नका, निदान ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूच्या हवेची टेस्टिंग बाहेरच्या माणसाकडून, दारं बंद करून, आकडे हातात घेऊन झाल्याशिवाय तरी नाहीच.