‘वाट सोडून गेलेला’ असा क्लू आला की शब्दकोडं कसं सोडवायचं

‘वाट सोडून गेलेला’, ‘मूळ मुद्द्यापासून दूर जाणे’ असले क्लू आले की बरेच जण सरळ पुढच्या नंबरावर उडी मारतात, कारण मराठीत यासाठी इतके शब्द आहेत की नेमका कुठला घ्यायचा तेच कळत नाही. मी आधी एवढंच बघते की कोण भरकटलंय आणि कशावरून. बोलणं भरकटलं तर विषयांतर, ग्रह उलटा जाताना दिसला तर वक्री, नियमात बसत नसेल तर अपवाद, सरासरीपासून लांब म्हटलं तर विचलन, आणि रानात फिरून फिरून माणूस त्याच जागी येत असेल तर डोळे झाकून चकवा. दिशाभूल मात्र जपून लिहा, ती बहुतेक वेळा दुसऱ्याने केलेली असते.

मग क्लूचं शेपूट बघा. ‘णे’ने संपत असेल तर उत्तरही बहुतेक ‘णे’नेच संपतं, शेवटचं घर पेन्सिलने आधीच भरून टाका. तीन घरं असली तर चुकणे किंवा ढळणे, चार असली तर बहकणे, पाच असली तर भरकटणे. जोडाक्षराला एकच घर हं, अनुस्वाराला वेगळं घर नाही, म्हणून स्खलन तिनात बसतं आणि विषयांतर पाचात.

खरी गंमत ‘वाट सोडून गेलेला’, चार घरं, यात आहे. समजा तिसऱ्या घरातून सुरू होणाऱ्या उभ्या शब्दाचा क्लू ‘भुंगा’ आहे, तुम्ही भ्रमर लिहिलंत आणि ‘भ्र’ मिळाला. लगेच मार्गभ्रष्ट लिहू नका, पथभ्रष्ट पण तंतोतंत बसतो आणि शेवटचा ‘ष्ट’ दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे तिथून काहीच कळत नाही. आता दुसऱ्या घराकडे बघा, तिथून एखादा उभा शब्द सुरू होतोय का? होत असेल तर मार्गभ्रष्ट बादच, कारण ‘र्ग’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही, ‘थ’ने मात्र थवा, थकवा, थर कितीतरी. ढळणे की चुकणे असं अडलं तरी हेच करायचं, मधल्या घरातून उभा शब्द सुरू होत असेल तर ढळणे गेलं, ‘ळ’ने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही. आणि तसा उभा शब्द नसेल तर पहिल्या घराचं अक्षर मिळेपर्यंत पेन खाली ठेवा.