जिंतूरच्या फोनवर पान उघडेना, तेव्हा

मराठवाड्यातल्या आयटीत काम करणाऱ्या आम्हा बायकांच्या गटाची वेबसाइट नोकरी-घर सांभाळून आम्हीच चालवतो. जिंतूरच्या एका मुलीचा फोन आला, "ताई, कार्यशाळेचा फॉर्म भरायचाय, पण पानच उघडंना."

पाहिलं तर कार्यक्रमांचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले, चार-चार एमबीचे. ते स्क्वूश या फोटो हलके करणाऱ्या वेबसाइटवर टाकून १२०० पिक्सेल रुंदीचे केले आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदलले. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावलं, म्हणजे वाचणारी खाली सरकत तिथवर आली की मगच ते उतरतात. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र ते लावू नका, तो उलट उशिरा दिसतो.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. नांदेडची आमची एक मैत्रीण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली, त्यामुळे तिला मराठी मजकूर इंग्रजी आवाजात, तुटक ऐकू यायचा. एचटीएमएल म्हणजे पानाचा कोड, त्यातल्या भाषा सांगणाऱ्या लँग खुणेत 'एमआर', म्हणजे मराठी, असं लिहिलं. फॉर्मच्या रकान्यांत नुसतीच फिकट अक्षरं होती, तिथं प्रत्येकाला खरं लेबल जोडलं. नाव, गाव, मोबाइल असं एकेक ऐकत तिनं पूर्ण फॉर्म आमच्यासमोर एकटीनं भरला. फार बरं वाटलं!

नवे फोटो चढवण्याआधी आकार तपासायचं काम आता लातूरच्या दोघींनी अंगावर घेतलंय.