मॉरिशसची रानजास्वंद लावताय? या चुका टाळा

मॅन्ड्रिनेट ही आपल्या जास्वंदीची सख्खी चुलत बहीण. शास्त्रीय नाव हिबिस्कस फ्रॅजिलिस. लाल फुलांचं हे झुडूप रानात उरलंय ते फक्त मॉरिशसच्या कोर द गार्द आणि ल मोर्न या दोन डोंगरांवर, तेही बोटांवर हिशेब ठेवता येईल इतकं थोडं.

सगळ्यात मोठी चूक मायेपोटी होते: मॅन्ड्रिनेटच्या शेजारी बागेतली जास्वंद लावणं. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, तिथल्या मराठी माणसाला दारात जास्वंद हवीशी वाटणारच. पण या दोघींचा सहज संकर होतो. ‘आमच्या जास्वंदीला बी धरतच नाही, मग धोका कसला?’ असं कुणी म्हणेल. बी तिला धरायची गरजच नाही. तिचे परागकण मॅन्ड्रिनेटच्या फुलावर पोचले, की तिकडच्या बोंडात संकरित बी तयार होतं. रोप तरारून वाढतं, फुलतंही. फक्त ते मॅन्ड्रिनेट नसतं. म्हणून दारात जास्वंद असेल तर मॅन्ड्रिनेट तिथे लावूच नका.

बियांची रोपं एकमेकांसारखी दिसत नाहीत? संकराचा संशय घ्या आणि ती डोंगरावर लावायला मुळीच नेऊ नका. शुद्ध बी हवं असेल तर कळी उमलण्याआधी तिला मलमलची पिशवी बांधा, दुसऱ्या खात्रीच्या मॅन्ड्रिनेटचे पराग हाताने लावा आणि पिशवी पुन्हा बांधा. त्यापेक्षा छाटकलम सोपं. मात्र सगळी कलमं एकाच झुडपाची नकोत, नाहीतर शंभर कुंड्यांत एकच झाड असतं. प्रत्येक कुंडीवर मूळ झुडपाची नोंद ठेवा. कलमासाठी डोंगरावरची फांदी स्वतः तोडू नका. देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा.

दुसरी चूक, हिरवं दिसलं की जंगल ठीक आहे असं मानणं. मॉरिशसच्या जंगलात चायनीज पेरू, म्हणजे बाहेरून आलेली पेरूची एक जात, दाट माजतो आणि खाली रोपाला उजेड मिळत नाही. लोक तो आवडीने खातात, म्हणून तोडायला मन धजत नाही. आपल्याकडची माधवीलताही तिथे उपद्रवी वेल झाली आहे. भारतातून जाणाऱ्याने तिचं बी चुकूनही नेऊ नये. आणि असं तण एकदा काढून भागत नाही. मातीत बी पडलेलं असतं, ते पुन्हा उगवतं, पुन्हा उपटावं लागतं.