किर्की, धोंड आणि ६०० मीटर

दोन महायुद्धांमधल्या बिनतारी तारायंत्रावर प्रबंध लिहायचं ठरवलं आणि पहिले दोन महिने वाया गेले. जुन्या दप्तरांच्या सूचींत मी ‘खडकी’ आणि ‘दौंड’ शोधत होते. इंग्रजांच्या कागदांत ती गावं ‘किर्की’ आणि ‘धोंड’ होती! तुम्ही नवीन असाल तर आधी जुन्या स्पेलिंगची यादी करा.

सप्टेंबर १९२७ मध्ये मार्कोनीच्या बीम पद्धतीने, म्हणजे लहरी एकाच दिशेने झोतासारख्या सोडून, भारत आणि इंग्लंड जोडले गेले. खडकीहून संदेश सुटायचे, दौंडला उतरायचे. तिकडे ग्रिम्स्बीहून सुटायचे, स्केग्नेसला उतरायचे. पाठवण्याचं आणि घेण्याचं केंद्र इतकं लांब ठेवलं, कारण आपल्याच प्रक्षेपकाच्या दणक्यात समुद्रापलीकडून आलेला क्षीण संदेश बुडाला असता. हे सगळं लघुलहरींवर चालायचं. बिनतारीचे दर स्वस्त, त्यामुळे समुद्राखालच्या केबलवाल्यांचा धंदा बसू लागला आणि १९२९ मध्ये दोन्ही व्यवसाय एकाच कंपनीत आणले गेले. माझ्या मते या काळाचं खरं राजकारण दरपत्रकांत आहे, ती आधी वाचा.

कागदांत लहरीची लांबी मीटरमध्ये असते. ३,००,००० ला मीटरने भागलं की किलोहर्ट्झ मिळतात. ६०० मीटर म्हणजे ५०० किलोहर्ट्झ, त्या काळची जहाजांची संकटाची लहर. इंग्लंडमधल्या रग्बी गावचं केंद्र १९२६ मध्ये सुरू झालं, ते १६ किलोहर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ १९ किलोमीटर लांबीच्या लहरीवर! ती दिवसरात्र जगभर पोचायची. युद्धनौका नुसती ऐकत राहायची, उत्तर द्यायची नाही. उत्तर दिलं की दिशाशोधकाने तिचा ठिकाणा काढलाच.

मोर्स मात्र कागदावरून शिकू नका. मी टिंबं-रेघा पाठ केल्या आणि कानाला काहीच कळेना. मग मुंबईच्या किनारी केंद्राची व्हीडब्ल्यूबी ही खूण ऐकून ऐकून बसवली: डिडिडिडा, डिडाडा, डाडिडिडिट. तीन अक्षरं सुराने ओळखू आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर जहाजांच्या बिनतारी नोंदवह्या वेगळ्या दिसू लागल्या. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर दर तासाला पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन मिनिटं जहाजांनी ६०० मीटरवर गप्प राहून ऐकायचं, असा नियम झाला. बिनतारी खोलीतल्या घड्याळावर तेवढा भाग लाल रंगवलेला असायचा. त्या मिनिटांसमोरची मोकळी ओळ दिसली की आता मी पान उलटत नाही, थांबते.