पाऊस मोजायला कसे शिकवावे: तिसरी-चौथीच्या वर्गासाठी

मोजमापाचा धडा फूटपट्टीपासून सुरू करण्याची आपली सवय असते, पण मुलांना आधी पट्टीची गरज भासली पाहिजे. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाकाची लांबी स्वतःच्या वितीने मोजू द्यावी. एकाच बाकाची लांबी कोणी सात विती सांगेल, कोणी नऊ, आणि वर्गात वाद सुरू होईल. तो लगेच मिटवू नये. 'मग बरोबर कोण?' हा प्रश्न मुलांनीच विचारला की पट्टी हातात द्यावी आणि शून्याची रेघ बहुतेक पट्ट्यांच्या अगदी टोकाला नसते, हे त्यांना बोटाने दाखवायला लावावे.

पुढचे काम पावसाचे. गोव्यात जूनपासून त्याची वाण नसते, आणि पर्जन्यमापक घडवायला सरळ बाजूंची, कमरेत न आवळलेली दोन लिटरची प्लास्टिकची बाटली पुरते. खांदा जिथे सुरू होतो तिथे ती शिक्षकांनी स्वतः कापावी व वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. तळ खळगेदार असल्यामुळे तिथून मोजता येत नाही. त्यासाठी आत खडे घालून, बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरावे, त्या पातळीवर शून्य मानावे आणि तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची पट्टी चिकटवावी. रोज मोजून झाल्यावर पाणी पुन्हा त्याच रेघेवर आणून ठेवावे.

जागा निवडताना मी एकदा चांगलाच फसलो होतो. बाटली सोयीची म्हणून व्हरांड्यालगत ठेवली आणि दोन दिवस आमचा आकडा अवाच्या सवा येत राहिला. शेवटी चौथीतल्या एका मुलीने वर बोट दाखवले, 'सर, पागोळ्या!' तेव्हापासून बाटली उघड्या मैदानात, दोन चिऱ्यांच्या मध्ये घट्ट बसवून ठेवतो. तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर असावे, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडत नाहीत.

वाचन रोज ठरलेल्या वेळी घ्यावे. हवामान खाते सकाळी 8.30 वाजता मागील 24 तासांचा पाऊस मोजते, तीच वेळ शाळेला सोयीची पडते. डोळा पाण्याच्या पातळीशी आणावा आणि पाणी कडेला किंचित वर चढलेले दिसले तरी मधली, खालची पातळी वाचावी. तिघांनी एकमेकांना न सांगता आकडा लिहावा. 41, 42 आणि 44 आले तर कोणालाही चूक ठरवू नये; तिन्ही नोंदवून मधला घ्यावा. सरासरीचा भागाकार या वयात घाईचा ठरतो, असे माझे मत आहे.

मिलिमीटर म्हणजे नेमके किती पाणी, हे मात्र दाखवावेच लागते. व्हरांड्यात खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखावा. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ मिलिमीटर झाला तर 15 लिटरच्या चार बादल्या त्या चौकोनात उभ्या करून दाखवाव्यात.

मोजणे अंगवळणी पडले की प्रश्न मुलांकडूनच यावा. 'आंब्याखाली पाऊस कमी पडतो का?' हा प्रश्न हमखास येतो. दोन सारख्या बाटल्या, सारखी उंची, वाचनाची एकच वेळ, बदलायची ती फक्त जागा. सुरुवातीलाच प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा आणि नंतर तो खोडू नये. निदान दहा दिवस नोंदी घ्याव्यात, कारण पाऊस थांबल्यावरही पाने ठिबकत राहतात आणि एखादी फांदी नेमकी बाटलीवर गळत असेल तर झाडाखालचा आकडा चक्क जास्त येतो. तसे झाले तर 'प्रयोग चुकला' म्हणून टाकून देऊ नये. बाटली दोन हात सरकवून पुन्हा पाहावे.

तुमचा आकडा पणजीच्या अधिकृत आकड्याशी जुळलाच पाहिजे असे नाही, कारण किनाऱ्यावरचा आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या सत्तरीतला पाऊस एकसारखा नसतो. सोमवारी सकाळचा आकडा दोन दिवसांचा असेल, तर नोंदीसमोर तसे स्पष्ट लिहावे. आणि कोरड्या दिवशी रकाना रिकामा न सोडता तिथे 0 लिहावा, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ त्या दिवशी कोणी मोजलेच नाही, असा होतो.